पाय आणि कांदा : रब्बी २०२४-२५ च्या नोंदी

६ डिसेंबर २०२४, शुक्रवार

काल ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या मांडीचं हाड मोडलंय. आत रॉड, वर-खाली स्क्रू. २७ नोव्हेंबरला तिन्हीसांजेला सरकी पेंडीचं पोतं मोटरसायकलवर घेऊन येत होते, वळणावरच्या खडीवर गाडी घसरली. २९ ला ऑपरेशन झालं. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यानंतर वॉकर, मग काठी. पूर्ण बरं व्हायला चार-सहा महिने धरून चाला म्हणाले.

ही वही दवाखान्यातच घेतली. तिथे बाकड्यावर बसून वावराचा विचार करत होते, तेव्हा लक्षात आलं की अठरा वर्षं ह्या मातीत राबले, तरी पाण्याचं मला काही ठाऊक नाही. खुरपणी, लावणी, गोठा, धारा हे माझं. मोटर, कॉक, खतांचं गणित, पीककर्जाची सोसायटी, कागद हे सगळं ह्यांच्या डोक्यात. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आता रोज रात्री लिहायचं. एका पानावर पाय, दुसऱ्यावर वावर.

आजची स्थिती. एकूण अडीच एकर, गाव सिन्नर तालुक्यात, दोडी-नांदूर शिंगोटेच्या बाजूला. गहू २० गुंठे, पेरणी १६ नोव्हेंबर. हरभरा २० गुंठे, गायांच्या चाऱ्याचा घास १० गुंठे. एक एकर कांद्यासाठी राखलंय, शेणखत विस्कटून झालंय. कांद्याचं उळं १८ ऑक्टोबरला टाकलं होतं, तीन किलो बी, एन-२-४-१ वाणाचं. रोप छान आहे, हिरवंगार. दोन गाया, एक दुभती, चंद्री गाभण.

गव्हाला आज वीस दिवस झाले. अठरा ते एकवीस दिवसांत पहिलं पाणी गेलंच पाहिजे, तेव्हाच मुकुटमुळं फुटतात. ह्या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाईनला, लाईट रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे आज रात्रीच.

७ डिसेंबर, शनिवार

चुकलं. नीट लिहून ठेवते.

रात्री दहाला पोरगा आणि मी विहिरीवर गेलो. तो दहावीला आहे, त्याला न्यायचं नव्हतं, पण मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवरून बिबट्याने शेळी नेली. एकटीने जायची हिंमत झाली नाही. हातात बॅटरी, काठी, आणि मोबाईलवर मोठ्याने भजन लावलेलं. स्टार्टर दाबला, मोटर उचलली. विहिरीजवळ तीन कॉक आहेत, रंग कधीच उडालेला. गव्हाचा मधला, असं मला वाटलं. तो उघडला आणि आम्ही गव्हाच्या बांधावर जाऊन बसलो. अर्धा तास झाला तरी पाटाला पाणी नाही. पाईप लांब आहे, येईल, असं मी पोराला सांगत राहिले. साडेअकराला घासाकडून बेडकांचा आवाज यायला लागला तेव्हा पोटात गोळा आला. पळत गेलो तर घास तुडुंब, आणि घासाच्या खालचा हरभरा निम्मा पाण्यात. हरभऱ्याला आत्ता पाणी नको होतं. जास्त झालं की पीक उभळतं, नुसता पाला वाढतो आणि घाटे कमी.

कॉक बदलून गहू भरला. पहाटे सहाला लाईट गेली तेव्हा शेवटच्या दोन वाफ्यांना पाणी पोहोचलं नव्हतं.

घरी आले तर हे जागेच. म्हणाले, "मला अकरालाच कळलं. मोटरचा आवाज हलका होता. गव्हाला पाणी चढावर जातं, तेव्हा ती दबून चालते. तीन फोन केले." माझा फोन भजन लावून बांधावर ठेवलेला, आवाजात रिंग ऐकूच आली नाही. मला रडू आलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, कॅलेंडरचं जुनं पान आण, पेन आण.

पाठकोऱ्या पानावर त्यांनी सगळी पाईपलाईन काढली. विहीर, तीन कॉक, कुठे तीन इंची पाईप, कुठे अडीच, बांधाखालून कुठून गेलाय, हवा काढायचा कॉक कुठे. दोन वर्षांपूर्वी फुटलेला जोड कुठे आहे तेही. पान अंथरुणाशेजारी भिंतीला लावलंय. पोराने सकाळीच कॉकांवर ऑइलपेंटने आकडे टाकले. १ गहू, २ घास-हरभरा, ३ कांदा.

पाय : घोटा वर-खाली करायचा, तासाला वीस वेळा. मांडी आवळून पाच मोजेपर्यंत धरायची. टाचेखाली उशी नको, पोटरीखाली हवी, नाहीतर टाचेला जखम होते. रक्त पातळ ठेवायची गोळी रात्री नऊला.

९ डिसेंबर, सोमवार

खाट आतल्या खोलीतून पडवीत आणली. खाली चार-चार विटा लावून उंच केली, उठता-बसता मांडीवर ताण कमी येतो. इथून वावर दिसतं आणि मोटर ऐकू येते. आत ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. पडवीत आल्यापासून जेवण वाढलंय, एवढं नक्की.

आत्याबाईंचं म्हणणं, वैदूकडून पट्टी बांधून आणू, पाला लावू. मी नाही म्हणाले. टाक्यांवर कसलाही पाला नको. त्यांनाही शेवटी पटलं, पण पायांचं सूप मात्र त्या करणारच. त्याला माझी हरकत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

टाके काढले. जखम कोरडी. जीप करून नेलं-आणलं, मागच्या सीटवर पाय लांब ठेवून. भाडं १,२०० रुपये. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, तो आधार मोठा. पण जीप, गोळ्या, कमोडची खुर्ची, वॉकर हे सगळं खिशातलं. आतापर्यंत ९,४०० रुपये गेलेत.

उद्यापासून लावणी. रोप ५७ दिवसांचं झालंय, आणखी थांबलं तर जून होईल.

१६ डिसेंबर, सोमवार

कांदा लागला! तीन दिवस लागले. बारा बायकांची टोळी, एकराचा ठेका १२,०००.

दरवर्षी मी टोळीबरोबर वाफ्यात असते. गुडघे चिखलात, डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताचा अंगठा खाली-वर. यंदा मला दारं धरायची होती, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात सोडायचं आणि अडवायचं. वाफ्यात पाणी आधी सोडायचं, माती लोण्यासारखी झाली की बायका आत उतरतात. पाणी जास्त झालं तर रोप तरंगतं, कमी पडलं तर अंगठा रुतत नाही. बायका पुढे सरकतात त्या वेगाने मला दार फोडायचं आणि मागचं बांधायचं. पहिल्या दिवशी सकाळी दोनदा दार फुटून पाणी पुढच्या कोरड्या वाफ्यात गेलं. टोळीतली सगळ्यात थोरली मावशी वाफ्यातूनच ओरडली, "फावडं उताणं धर गं, माती आपोआप बसंल." तसं धरलं आणि खरंच बसली. दुपारनंतर हात बसला.

लावणीआधी रोपाचे शेंडे छाटून मुळं कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवली. ते काम ह्यांनी केलं. पडवीत खाटेवर मागे टेकून, मांडीवर प्लास्टिकचा कागद, कडेला पाटी. आत्याबाई जुड्या देत होत्या, हे विळ्याने शेंडा छाटून बादलीत सोडत होते. दिवसाला दोनशे-अडीचशे जुड्या. संध्याकाळी बोटं हिरवी झालेली बघत बसले होते. अपघातानंतर त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना बसल्या जागी झोप लागली.

खत : १०:२६:२६ दोन गोण्या, गंधक १० किलो. अंतर १५ बाय १० सेंटिमीटर. हिशेब मागच्या पानावर.

२१ डिसेंबर, शनिवार

आज भांडण झालं. वहीत लिहावं की नाही, हा विचार केला. लिहिते, कारण तेही पायाच्याच पानावरचं आहे.

चादर बदलताना उशीखाली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली. डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, कधीकधी जुळतच नाही, एक चिमूटही नको. पुडी शेजारचे आण्णा देऊन गेले असणार. मी ती चुलीत टाकली. हे ओरडले, "दिवसभर पडून काय करू मी? छताकडं बघू?" मीही ओरडले. चार वाजता उठते, शेण, धारा, डेअरी, डबा, वावर, तुमचा कमोड, रात्री मोटर, आणि तुम्ही हाड जुळू नये म्हणून पुडी मागवता. आत्याबाई मध्ये पडल्या.

संध्याकाळी धार काढून आले तर त्यांनी डेअरीचं पुस्तक मागितलं. म्हणाले, दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) रोज मी लिहितो. खुराक, औषध, मजुरी, सगळा हिशेबही माझ्याकडे दे, मोकळा राहिलो की तोंडाला आठवण होते. एवढंच. मी बडीशेप भाजून डबीत भरून दिली. आण्णांना मात्र उद्या स्पष्ट सांगणार आहे.

८ जानेवारी २०२५, बुधवार

ई-पीक पाहणी केली. रब्बीची मुदत १५ जानेवारीपर्यंत. मोबाईल घेऊन शेतातच उभं राहायचं, घरात बसून होत नाही, जागा जुळत नाही असं येतं. कांदा, गहू, हरभरा, तिन्हींचे फोटो. नोंद राहिली तर सातबारावर पीक चढत नाही, आणि उद्या अवकाळी झाली तर भरपाईला आधारच उरत नाही.

ॲपवर खातेदार म्हणून त्यांचं नाव निवडलं, ओटीपी त्यांच्या फोनवर. मी बांधावरून ओरडायचं, पोराने पडवीतून आकडे ओरडून सांगायचे. माझं नाव यादीत कुठेच नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. पण कांद्याच्या वाफ्यात उभं राहून, पायाला तोच चिखल लागलेला असताना ती यादी वर-खाली करून बघितली, तेव्हा ते पहिल्यांदा टोचलं.

हरभरा जेवढा पाण्यात गेला होता, तेवढा अजून नुसताच वाढतोय, फूल कमी. वरचा निम्मा चांगला.

१० जानेवारी, शुक्रवार

सहा आठवड्यांचा एक्स-रे. मोडल्या जागी ढगासारखा पांढरट गोळा दिसतो, तेच नवं हाड, असं डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. वॉकर घेऊन थोडा-थोडा भार टाकायला सांगितलंय. वजनकाट्यावर पाय ठेवून किती भार म्हणजे थोडा ते शिकवलं. आधी १५ किलो, दर आठवड्याला वाढवत जायचं. आमच्याकडे दुधाच्या खोलीत जुना काटा आहे, त्यावर रोज सकाळी सराव. काटा १५ वर गेला की ते "बास" म्हणतात आणि मी श्वास सोडते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हे वॉकरने पडवीच्या कडेपर्यंत, अकरा पावलं. सुगडं पुजली. युरियाची पहिली गोणी कालच टाकली, लावणीला तीस दिवस होत आले. खुरपणी अर्धी झाली. वेळ नाही, एवढंच.

२२ जानेवारी, बुधवार

चार दिवस आभाळ, सकाळी धुकं. कांद्याच्या पातीवर चांदीसारखे बारीक ओरखडे दिसायला लागले. पात वाकवून मान उघडली की आत पिवळसर, सुईच्या टोकाएवढे फुलकिडे पळतात.

फवारणीचं आतापर्यंत ह्यांचं ठरलेलं असायचं, आभाळ आलं की पंप काढायचा. पण मागे राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी आमच्याकडे शिवारफेरीत सांगितलं होतं की एका रोपावर तीसच्या आसपास फुलकिडे गेले तरच औषध मारा, आधी मोजा. मी तेव्हा मागच्या रांगेत बसले होते आणि ते डोक्यात राहिलं. आज वावरात तिरकं चालत वीस रोपं मोजली. रोप उपटायचं नाही, पांढऱ्या कागदावर पात झटकायची, मग मान उघडून उरलेले मोजायचे. बांधाच्या कडेला ४०-४५, मध्ये बारा-पंधरा.

हे म्हणाले, सगळ्यावर मार. मी म्हणाले, कडेचे दहा वाफेच मारते, चार दिवसांनी पुन्हा मोजते. थोडी कुरबुर झाली, पण मोजलेले आकडे त्यांच्यासमोर ठेवले तेव्हा म्हणाले, बघ करून. करपा रोगासाठी मात्र सगळीकडे मॅन्कोझेब, दहा लिटरला २५ ग्रॅम, बरोबर औषध पातीला चिकटून राहायला स्टिकर. पंप आण्णांच्या पोराने पाठीवर घेतला. आण्णा तंबाखूवरून माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हते, पण पोराला पाठवलं.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा मोजले. मध्ये सोळा-सतरा, वाढ नाही. कडेला आठ-नऊ. ऊन पडलंय. एका फवारणीचे निम्म्याहून जास्त पैसे वाचले. हे हिशेबाच्या वहीत लिहिताना म्हणाले, "हे पान जपून ठेव."

३ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे तीनला चंद्री व्याली. कालवड. रात्रीपासून उठ-बस करत होती. दोन पुढचे पाय आणि त्यावर नाक दिसलं म्हणजे वासरू सरळ आहे, असं ह्यांनी पडवीतून सांगितलं. कळ येईल तेव्हाच खाली ओढायचं, कळ थांबली की आपणही थांबायचं. पोराने आणि मी तेच केलं. बाहेर आल्यावर नाकातला चिकट काढला, नाळेला आयोडीन लावलं, कोरड्या पोत्याने पुसलं. तासाभरात चीक पाजला. वार सकाळी साडेसातला पडली. चार घरं खरवस दिला.

हे वॉकर धरून गोठ्याच्या दारापर्यंत आले होते. अंधारात, सांगितलं नसताना. मी रागावले, पण वासराकडे बघताना त्यांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दोन्ही एकदम आलं. पोराचा दहावीचा पहिला पेपर, मराठी, अकरा वाजता. आणि बारा आठवड्यांचा एक्स-रे, तोही आजच. पेपरला मी गेले पाहिजे असं हे म्हणत होते, दवाखान्यात मी गेले पाहिजे असं पोरगा म्हणत होता. शेवटी माझा भाऊ ह्यांना घेऊन गेला. मी पोराला केंद्रावर सोडलं, गेट बंद होईपर्यंत थांबले आणि येऊन कांद्याला पाणी दिलं, कारण ह्या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, ती सोडवत नाही.

ह्या हंगामात त्या पोराने किती रात्री माझ्याबरोबर बांधावर काढल्या! जानेवारीपासून मी त्याला रात्री नेणं बंद केलं होतं. मग आण्णांच्या आणि आमच्या पाण्याच्या पाळ्या जुळवून घेतल्या. त्या रात्री दोन्ही वावरांत माणसं असतात, बॅटऱ्या दिसतात, एकमेकांना हाक ऐकू जाते. हे आधीच सुचायला हवं होतं.

एक्स-रे चांगला. हाड भरतंय. घरात काठीने, बाहेर वॉकरने. मोटरसायकल आणि ट्रॅक्टर अजून तीन महिने नाही.

हरभरा काढला. साडेतीन क्विंटल. मागच्या वर्षी पाच होता. ७ डिसेंबरची रात्र त्यात मोजली गेली.

१९ मार्च, बुधवार

गहू हार्वेस्टरने काढला, २० गुंठ्यांत आठ क्विंटल. शेवटच्या दोन वाफ्यांत ओंब्या आखूड, पहिलं पाणी न पोहोचलेले तेच. वर्षाचे खायचे ठेवून दोन क्विंटल विकायचे.

कांद्याची गोटी लिंबाएवढीची आता मुठीएवढी झालीय. डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, फार थोडे, दिसेल ते मोडून टाकतो.

२५ मार्च, मंगळवार

कालपासून कांद्याचं पाणी बंद. माना पडायला लागल्यात. पाणी तोडलं नाही तर कांदा साठवणीच्या चाळीत सडतो.

सोसायटीत गेले होते. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याज सवलत मिळते, म्हणून दुधाचे आणि हरभऱ्याचे पैसे घेऊन गेले. पैसे घेतले. पण नव्या कर्जाचं विचारलं तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "मालकांना पाठवा." मी सांगितलं, मालकांच्या मांडीत रॉड आहे, हंगाम मी केलाय, काय कागद लागतात तेवढं सांगा. "सातबारावर नाव आहे का तुमचं?" मागे रांगेत गावातलीच माणसं उभी होती. कोणी काही बोललं नाही. परत येताना पूर्ण रस्ताभर मला ते ऐकू येत होतं.

घरी येऊन पावती दिली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हे बराच वेळ काठीचं टोक जमिनीवर घासत बसले. मग म्हणाले, तो लक्ष्मीमुक्तीचा अर्ज कसा असतो?

मला तो माहीत होता. बचत गटाच्या बैठकीत तालुक्याच्या ताईंनी सांगितला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकांच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यानंतर १९९२ च्या सप्टेंबरात सरकारनेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर तो हयात असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. तीसहून जास्त वर्षं झाली त्याला. आमच्या गावात तशी नोंद असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. मागितलं तर त्यांना वाटेल की पाय मोडला म्हणून मागतेय, ही भीती होती. आज ती बोलूनही दाखवली.

ते म्हणाले, "लिही. मी सही करतो."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी ह्यांनी उभारली, काठी भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर. पोराने मागून कमरेला हात लावला होता, ह्यांना तो कळला नाही.

परवा १ एप्रिलपासून कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क जातंय. जातंय ते बरंच, पण सप्टेंबरपासून ते होतं तेव्हा ज्यांचा खरिपाचा कांदा विकून गेला, त्यांचं काय गेलं ते कोणी परत देणार नाही.

१० एप्रिल, गुरुवार

निम्म्या माना पडल्या, काढणी सुरू. लावणीपासून ११६ वा दिवस. उपटलेला कांदा ओळीने पसरायचा, पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी, म्हणजे ऊन पातीला लागतं, कांद्याला लागत नाही. चार दिवस तसाच.

१५ एप्रिल, मंगळवार

कापणी. बांधावरच्या लिंबाखाली बाज टाकली, हे त्यावर बसून कापतात. मान इंचभर ठेवून विळ्याने पात उडवायची. फार जवळ कापली तर कांद्याला तोंड पडतं आणि तिथून सड शिरते. त्यांच्या हाताचा वेग टोळीतल्या दोन बायकांएवढा आहे. दर अर्ध्या तासाला मी उठवते, दहा पावलं चालायला लावते. बायका त्यांना चिडवतात आणि ते हसतात.

चिंगळी (अगदी बारीक कांदा), जोड आणि डेंगळ्याचा कांदा वेगळा काढला, तो चाळीत ठेवायचा नाही. चांगल्याची सावलीत पोळ घातली, वर पात. दहा-बारा दिवस सुकू द्यायचा. आभाळ आलं की ताडपत्री.

१८ एप्रिल, शुक्रवार

तीस क्विंटल नांदूर शिंगोट्याच्या उपबाजारात नेला. ट्रॅक्टर भावाचा, लिलावाला मी उभी. ट्रॉलीवर चढून व्यापाऱ्याने खालून कांदा उचकून पाहिला, बोटाने साल चोळली. ११८० रुपये क्विंटल. कर्ज भरल्यामुळे हात रिकामा होता, म्हणून एवढा विकला. बाकी चाळीत.

२७ एप्रिल, रविवार

चाळ भरली. आजचं वजन धरून एकूण १०४ क्विंटल, त्यातला ७० चाळीत. थर चार-साडेचार फुटांच्या वर नेला नाही, खालून वारा खेळता आहे. महिन्यातून एकदा फिरून सडका काढायचा.

लक्ष्मीमुक्तीचा अर्ज मंगळवारी दिला. पोच घेतली. हे स्वतः कचेरीच्या जिन्यावर काठीने चढले, मी मागे होते. नोंद मंजूर होऊन येईपर्यंत वाट पाहायची.

संध्याकाळी हे काठी घेऊन विहिरीपर्यंत आले. पाच महिन्यांनी. घासाला पाणी द्यायचं होतं. कॉकांसमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "दोन नंबर ना?" मार्चमध्ये दोन नंबरच्या पुढे मी आणखी एक कॉक बसवून घेतला होता, घास आणि हरभरा वेगळे करायला. ते भिंतीवरच्या पानावर लिहिलंय, पण त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी चार नंबर दाखवला. ते वाकले, पाय थोडा बाजूला घेऊन, आणि कॉक फिरवला.

उद्या : गायांना लाळ्या-खुरकुताची लस, डॉक्टर सकाळी नऊला येणार. मंडपाची ताडपत्री परत द्यायची. मेमध्ये नांगरट, त्याआधी माती परीक्षणाला नमुना. फिजिओचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ, जिना दिवसातून तीनदा.